उणे साठ

वसुबारसेला मामांच्या घरी जावयाचे, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. मामांचे गाव इंदापूर तालुक्यातले वरकुटे. दिवेलागणीला मामी गाय-वासराला ओवाळीत, बाजरीच्या भाकरीचा आणि गवारीच्या भाजीचा घास भरवीत, आणि तिथून आमची दिवाळी सुरू होई. २०२४ साली मी गेलो, तेव्हा मामी ताट घेऊन शेजाऱ्यांच्या गोठ्याकडे निघाल्या होत्या. आमचा गोठा झाडून स्वच्छ केलेला होता, पण खुंटे मोकळे होते.

"गाय कुठं गेली, मामा?" मी विचारले.

"इकली जूनमदी. कालवडीसकट." मामा सुपारी कातरीत म्हणाले, "तूच लिवलं हुतंस न्हवं, धरण रिकामं झालं म्हणून?"

त्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच तो मला अधिक लागला. मी तेव्हा एका वृत्तपत्राला तालुक्याच्या बातम्या पाठवीत असे. 'उजनी उणे साठ टक्के; धरण रिकामे' हा मथळा माझाच. मामांनी तो वाचला आणि आपला हिशेब केला. धरणात पाणी नाही म्हणजे ऊस नाही, ऊस नाही म्हणजे वाढे नाहीत, वाढे नाहीत म्हणजे चारा सोन्याच्या भावाने. त्यांनी येईल त्या किमतीला गाय दिली. पुढे पाऊस लागला आणि ऑगस्टात उजनी भरले. गाय मात्र परत आली नाही.

रात्री मामांनी मला एक साधा प्रश्न विचारला. "आरं, हंडा रिकामा झाला की झाला. रिकाम्याच्या खाली आनि साठ टक्के काय असतंय?"

या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. बातमी लिहिताना मी ते दिले नव्हते, एवढेच. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या पोटात सुमारे ११७ टी.एम.सी. पाणी मावते, एक टी.एम.सी. म्हणजे एक अब्ज घनफूट. यातले ६३.६ टी.एम.सी. कालव्याच्या तोंडाखाली राहते. त्याला मृत साठा म्हणतात. वरचे ५३.५ टी.एम.सी. तेवढे उपयुक्त, आणि टक्केवारी काढावयाची ती फक्त याची. पाणी कालव्याच्या उंबरठ्याला टेकले की धरण शून्य टक्के. त्याखाली उपसा चालू राहिला, की उणे. उणे साठ म्हणजे ५३.५ चे साठ टक्के, म्हणजे ३२.१ टी.एम.सी. मृत साठ्यातून गेले आणि ३१.५ उरले. पुण्याला पाणी देणारी टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही चारही धरणे काठोकाठ भरली, तरी त्यांचा उपयुक्त साठा २९ टी.एम.सी.च्या आसपास जातो. मी ज्याला 'रिकामे' म्हटले, त्यात कागदोपत्री याहून अधिक पाणी होते!

'कागदोपत्री' हा शब्द मुद्दाम घातला आहे. तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ आहे. त्याने व्यापलेली जागा वजा करावयास हवी. शिवाय कालव्याच्या शेवटी बसलेल्या सोलापूरकडच्या शेतकऱ्याला 'उणे' हा शब्द अक्षरशः खरा होता. त्याच्या चारीत थेंब येणार नव्हता. फुगवट्याच्या काठी पंप टाकून बसलेल्याला मात्र ते पाणी अजून पाणीच होते. आकडा एकच, एकाला तो सत्य सांगत होता, दुसऱ्याला चकवीत होता.

मग मी खोटे बोललो काय? साठ हा आकडा सरकारी तक्त्यातलाच होता. पण अश्वत्थामा मेला, असे धर्मराजही खरेच बोलला होता. हत्ती हा शब्द तेवढा हळू उच्चारला, आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. माझ्या बातमीतला हत्ती म्हणजे 'कशाचे साठ टक्के' हे तीन शब्द.

असे हत्ती रोजच्या वृत्तपत्रांत पुष्कळ लपलेले असतात. गावात तापाचे दोन रोगी होते, ते चार झाले, की 'शंभर टक्के वाढ' होते आणि आठवड्याच्या बाजारात शुकशुकाट पडतो. तालुक्यात सरासरीइतका पाऊस झाला, असे छापून येते. पण एका शिवारात बांध फुटले असतील आणि दुसऱ्यात ढेकूळही भिजले नसेल. सरासरी दोघांच्याही शेतात पडत नाही. यासाठी मोठे गणित लागत नाही, मराठी चौथीतले पुरते. लागते ती थोडी सबुरी.

कोणी म्हणेल, वाचकाला हिशेब नको असतो, बातमी हवी असते. आणि मथळ्यात जागा ती किती! मीही स्वतःची अशीच समजूत घालीत आलो. पण लक्ष्मीपूजनाला आपण जी वही पाटावर मांडतो, तिच्यात नुसता आकडा कधी कोणी लिहितो का? शेजारी तपशील असतो: कोणाकडून, कशापोटी, जमा की नावे. तपशिलावाचून आकडा लिहिणाऱ्या मुनिमाला कोणता सावकार ठेवील? आपले चार पैसे आपण इतक्या निगुतीने मांडतो, आणि दुसऱ्याचे भय, दुसऱ्याची आशा मात्र तपशिलावाचून छापून मोकळे होतो. ज्याला ताळा करण्याची सोय नाही, त्याच्यापुढे अर्धा हिशेब ठेवणे हे मला आता अज्ञान वाटत नाही. तो विश्वासाचा अपहार वाटतो.

हे सारे मी मामांना सांगितले. पितळी पालथी घालून, तांब्यातले पाणी दाखवून समजावले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "एवढं सोपं हुतं, तर त्याच दिशी लिवायचं की रं."

बाहेर शेजाऱ्यांच्या गोठ्यातून मामी परत येत होत्या. ताटातले निरांजन अजून तेवत होते.