बत्तीस भागांची फियाट

अब्बा गेले एप्रिल 2021 मध्ये. तीन महिन्यांनी, 22 जुलैला चिपळुणात पूर आला आणि घरामागच्या शेडमध्ये उभी असलेली त्यांची फियाट टपापर्यंत पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही दार उघडले तेव्हा पुढच्या सीटवर वीतभर गाळ होता आणि गाळात मागच्या गल्लीतल्या कोणाची तरी चप्पल होती. सगळ्या बाजारपेठेचे संसार रस्त्यावर आले होते. धान्य, कापड, वह्या, औषधे यांचे ढीग कुजत होते. अशा वेळी एका जुन्या गाडीसाठी रडणे शोभत नाही, म्हणून मी रडलो नाही. भंगारवाला आला, त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि बारा हजार सांगितले. मी नाही म्हणालो.

त्या नकाराविषयी मला लिहायचे आहे. तो नकार द्यायचा अधिकार माझा होता का, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नव्हता. तो पडायला जवळपास तीन वर्षे लागली.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. आठवीच्या मुलांना अपूर्णांक समजावताना वारसाहक्काची उदाहरणे घालण्याची माझी सवय आहे. मुले घरी ऐकलेल्या गोष्टींमुळे जागी होतात. आमच्या घराचेच उदाहरण घ्या. मरहूमच्या मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली. पत्नीचा आठवा हिस्सा. उरलेल्याचे चार भाग, त्यातले दोन मुलाचे, एकेक मुलींचा. छेद सारखा केला की बत्तीस येतो. अम्मीचे चार, माझे चौदा, आपाचे सात, धाकटीचे सात. म्हणजे ती गाडी अर्धीसुद्धा माझी नव्हती. सूरह निसामध्ये हे हिस्से ठरवून दिलेले आहेत आणि माल थोडा की फार, याने त्यात फरक पडत नाही. गाळाने भरलेली फियाटही त्यात आली.

पण गाडी माझ्या नावावर व्हायची होती. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवावे लागते आणि तीन महिन्यांत नाव बदलण्याचा अर्ज करावा लागतो. इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागते. उशीर झालाच होता. मी कागद तयार करून बहिणींकडे नेला. आपा भाकऱ्या भाजत होती. हात पदराला पुसून तिने सही केली आणि म्हणाली, “घे रे, आम्ही काय गाडी करणार?” धाकटीने तर कागद वाचलाही नाही.

याला आपल्याकडे ‘बहिणीने माफ केले’ म्हणतात. हा शब्द मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातली गंमत मला कधी दिसली नाही. माफ करायला आधी कोणाचा तरी गुन्हा असावा लागतो. शरीयतने जे हातावर ठेवले ते रिवाज दुसऱ्या दारातून परत घेतो, आणि देणारीच्या तोंडून ‘खुशीने’ हा शब्द वदवून घेतो. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, हे प्रत्येक मुलीला कोणी न शिकवता कळते. अशी संमती मोकळी असते का? जमिनीच्या बाबतीत हा प्रश्न मी भाषणांतून विचारला आहे. गाडीच्या बाबतीत मला तो सुचला नाही, कारण गाडीला मी मालमत्ता मानत नव्हतो. ती ‘अब्बांची आठवण’ होती. आठवण म्हटले की हिशेब संपतो. मला आता वाटते, की हिशेब संपवण्यासाठीच पुष्कळदा आपण वस्तूला आठवण म्हणतो.

गाडी 1972 सालची, फियाट 1100 डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. पुढे हीच गाडी पद्मिनी या नावाने घराघरांत आणि टॅक्सी स्टँडवर पोहोचली. 1089 सीसीचे इंजिन, स्टिअरिंगला हाताचा गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. अब्बांनी ती 1991 मध्ये रत्नागिरीच्या एका डॉक्टरांकडून घेतली. तेव्हा ती पांढरी होती. 1998 च्या सुमारास अब्बांनी तिला हिरवा रंग दिला, तोही कोणाच्या घराच्या खिडक्यांसाठी आणलेल्या रंगातला उरलेला असावा असा. आरटीओच्या पुस्तकात मात्र शेवटपर्यंत ‘पांढरा’च राहिला.

मिस्त्रीने पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पाणी दाबले जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो. त्याने प्लग काढले, आत तेल सोडले आणि गाडी आठ दिवस तशीच ठेवली. सम्पमधून निघालेले ऑइल चहासारखे झाले होते. पिस्टन सुटले, पण सिलिंडर घासून मोठे करावे लागले आणि पिस्टनही मोठ्या मापाचे घालावे लागले. ब्रेकचे चारी ड्रम गंजलेले. वायरिंग सगळे नवे. या गाडीला वेगळी चासी नसते, पत्र्याचे अंग हीच चासी. आणि तळाचा पत्रा बोट लावले की निघत होता. तो कापून नवा जोडला. पैसे पगारातून निघतील तसे काम व्हायचे, मग दोन-दोन महिने थांबायचे. सुटे भाग मिळत नव्हते. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी मुदत संपून रस्त्यावरून गेली. त्याच सुमारास कुर्ल्यात भंगारात निघालेल्या एका टॅक्सीचा डावा दरवाजा मला मिळाला. थोडी ठोकाठोक करून तो बसला. आतल्या कडेला नखाने खरवडले तर अजून काळा रंग निघतो.

अथेन्सचे लोक थीसियसचे जहाज जपून ठेवत, कुजलेली फळी काढून नवी बसवत, आणि हे तेच जहाज की दुसरे यावर तत्त्वज्ञ वाद घालत, असे प्लूटार्कने लिहून ठेवले आहे. मी हा प्रश्न वर्गात फियाटवर घालून विचारला. इंजिनचे पोट घासले, तळ नवा, दरवाजा टॅक्सीचा, रंग नवा. गाडी तीच की दुसरी? मुलांनी बराच गोंधळ घातला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी पाढेही धड म्हणत नाही, उभा राहिला आणि म्हणाला, “सर, चाबी किसके पास है?” वर्ग हसला. मीही हसलो आणि त्याला बसवले.

आरटीओचे उत्तर सोपे आहे. इंजिन नंबर आणि चासी नंबर जुळला की गाडी तीच. पुराच्याच महिन्यात, जुलै 2021 मध्ये, केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली गाडी असेल तर वेगळी नोंदणी आणि वेगळा नंबर. शुल्क वीस हजार. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. मला त्या नंबराचा मोह पडला होता. अर्ज मी केला नाही, पण ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द डोक्यात बसले. रंगाऱ्याने विचारले, “मास्तर, हिरवा की पांढरा?” मी पुस्तक उघडून दाखवले. पांढरा. डाव्या मडगार्डला एक मोठा पोचा होता. तोही ठोकून, पुट्टी भरून सपाट झाला. गाडी कारखान्यातून आल्यासारखी दिसू लागली. येणारे-जाणारे थांबून फोटो काढू लागले. एकूण खर्च एक लाख नव्वद हजार.

मे 2024 मध्ये आपा सुट्टीत माहेरी आली. मी मोठ्या ऐटीत शेडचा पडदा बाजूला केला. ती काही बोलली नाही. सरळ डाव्या मडगार्डपाशी गेली आणि हात फिरवला.

“इथलं कुठं गेलं?”

तो पोचा तिचा होता. अब्बांनी तिला याच गाडीवर चालवायला शिकवले होते. 2003 मध्ये, तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, गोवळकोटच्या रस्त्यावर, फजरच्या नमाजनंतर, लोक उठायच्या आत. फाटकाच्या खांबाला गाडी घासली तेव्हा अब्बा रागावले नाहीत आणि तो पोचा त्यांनी अठरा वर्षे दुरुस्त केला नाही. मला हे माहीत नव्हते. मी तेव्हा शाळेत होतो. मला त्यांनी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता, तू धांदरट आहेस म्हणून.

मी पुस्तक दाखवले, मूळ रंग वगैरे सांगितले. ती म्हणाली, “ही अब्बांची गाडी नाही. डॉक्टरांची आहे.”

ती खरे बोलत होती. मूळ शोधता शोधता मी अब्बांच्याही मागे गेलो होतो, ज्याच्याशी आमचा काही संबंध नाही अशा माणसाच्या दारात गाडी नेऊन उभी केली होती. कोकणातल्या किती तरी गावांत कौलारू, लाकडी खांबांच्या मशिदी पाडून संगमरवरी बांधल्या गेल्या. नाव तेच, जागा तीच, आणि जुन्या नमाजींना कोपऱ्यातला आपला खांब सापडत नाही. त्यावर मी टीका केलेली आहे. तिथे नवे करण्याच्या नादात जुने गेले, माझ्याकडे जुने करण्याच्या नादात गेले. दोन्हीकडे विचारायची माणसे विचारायची राहिली. हिश्शाच्या हिशेबात आपा सात भागांची आणि मी चौदा. आठवणीच्या हिशेबात ते उलटे निघाले असते, कदाचित माझ्याकडे काहीच आले नसते. पण चावी माझ्या खिशात होती. त्या मुलाला मी उगाच बसवले.

असो. हिरवा रंग पुन्हा देता येईल, पण तो नवा हिरवा असेल. पोचा तर मुद्दाम पाडता येत नाही.

पुण्याचा एक शौकीन येऊन पावणेतीन लाख देतो म्हणाला, तेव्हा प्रश्न पैशाच्या भाषेत आला आणि माझ्यासारख्याला जरा हायसे वाटले. सही झाली तेव्हाची किंमत धरली, म्हणजे भंगाराचे बारा हजार, तर आपाचा हिस्सा दोन हजार सहाशे पंचवीस. आजची किंमत धरून माझा खर्च वजा केला, तर अठरा हजार पाचशे त्र्याण्णव रुपये पंचाहत्तर पैसे. कोणता खरा? तिने सोडला तो कोणता? माणूस जे पाहतो तेच सोडू शकतो. तिने गाळाचा ढीग सोडला होता, आणि तोही भाकरी करपेल या घाईत.

मी गाडी विकली नाही. घरच्या घरी एक साधा कागद लिहिला, की पुस्तकावर नाव एकाचे असले तरी गाडी बत्तीस भागांची आहे आणि चौघांच्या संमतीशिवाय तिचे काही केले जाणार नाही. विकली तर माझा खर्च जाऊन उरेल ते वाटले जाईल. अम्मीने अंगठा आणि सही दोन्ही केले. धाकटीने या वेळी वाचला. आपाने दोनदा वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला.

“खर्च एकट्याचा का? तोही बत्तीसात घाल.”

“तुझे एकेचाळीस हजार होतील,” मी म्हणालो.

“साडेएकेचाळीस,” ती म्हणाली. “मीही तुझ्याच शाळेत शिकले.”

मग तिने हात पुढे केला. मी चावी दिली. पाहता न पाहता तिचा हात स्टिअरिंगखालच्या दांड्यावर गेला आणि पहिला गिअर, जो मला अजून दोनदा ओढावा लागतो, एका झटक्यात पडला. अम्मी मागे बसली. गोवळकोटपर्यंत जाऊन त्या तासाभराने आल्या.

तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला आपाचे एक हजार रुपये माझ्या खात्यात येतात. शिवणकामाचे आहेत, हे मला माहीत आहे. मी ते खर्च करत नाही आणि परतही पाठवत नाही.