बोल्ट जड लागतो, म्हणे!

बस. फोन आधी खिशात घाल.

काल रेंजवर तुझ्या .३०८ मधून पुंगळीचं नुसतं बूड बाहेर आलं, बाकीची चेंबरमध्येच अडकली, आणि रात्री मला विचारतोस, ‘काका, रायफल सदोष असेल का हो?’ फॅक्टरीची काडतुसं तिच्यात वर्षभर सुरळीत चालली ना? मग दोष तिचा नव्हे. दोष तुझ्या गॅरेजमध्ये प्रेसपाशी उभा असतो, एका हातात कॉफी घेऊन.

तुझा पराक्रम तुलाच क्रमाने सांगतो. तू भरलेलं काडतूस घातल्यावर बोल्ट जड लागायला लागला. शहाणा माणूस इथे थांबतो आणि बघतो, नेमकं कुठे घासतंय. तू काय केलंस? सायझिंग डाय पाव फेरा खाली घेतलीस. तरी जड. आणखी पाव फेरा. न मोजता पिळत सुटायचं, हे तुला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं का रे? साइझ केलेली रिकामी पुंगळी, प्रायमर नाही, दारू नाही, नुसती चेंबरमध्ये घालून पाहायची होती. ती अलगद बसली असती तर सायझिंग निर्दोष. गुन्हेगार पुढच्या पायरीवर.

आणि तो तिथेच होता. तुझ्याच डाय वापरून मी एक नकली काडतूस केलं, काळ्या मार्करने रंगवलं आणि बोल्ट लावला. शाई कुठे निघाली बघ. खांद्याच्या कडेला. .३०८ ची पुंगळी जास्तीत जास्त २.०१५ इंच लांब असावी, कापायची ती २.००५ ला. तू कापलीच नाहीस. वर गोळी बसवायची डाय क्रिंपला लावून ठेवलेली. लांब पुंगळीचं तोंड आधीच आवळलं गेलं, गोळी तरी खाली दाबली जात राहिली, आणि पितळ खांद्यापाशी फुगलं. खोबण नसलेल्या गोळीला, तेही बोल्ट रायफलीत, क्रिंप हवा होता कशाला?

आता त्या पाव-पाव फेऱ्यांनी काय झालं ते ऐक, कारण खरा धोका तिथे आहे. ही पुंगळी चेंबरमध्ये टेकते ती खांद्यावर. तू तो खांदाच मागे ढकललास, म्हणजे पुंगळी आत सैल. बार उडतो तेव्हा दाब चौरस इंचाला ६०,००० पौंडांच्या आसपास जातो. पुढचा पातळ भाग त्या दाबाने चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतो. जाड बूड मात्र बोल्टला टेकेपर्यंत मागे सरकतं. ताणलं जातं ते मधलं पितळ. पुन्हा साइझ, पुन्हा बार, पुन्हा ताण, त्याच जागी. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं उमटतं ते याचं. तुझ्या डब्यात अशा पुंगळ्या कितीतरी आहेत. ‘पॉलिशिंगमुळे असेल’ म्हणे! पॉलिश काय एवढी एकच रेघ ओढतं? पेपरक्लिप सरळ कर, टोकाला बारीक आकडा वाकव आणि पुंगळीच्या आतून तळापासून वर ओढ. आकडा जिथे खाचेत अडकेल, तिथे ती पुंगळी फुटणार. ती भंगारात. ‘आणखी एकदाच’ हा प्रकार नाही. काल वायू मागे आला तेव्हा चष्मा होता म्हणून आज तुला डोळे आहेत.

झाडलेल्या पुंगळीचा खांदा कम्पॅरेटर लावून मोज आणि साइझ करताना तो इंचाच्या दोन हजारांशाएवढाच मागे जाऊ दे. ‘शेलहोल्डरला टेकवा आणि थोडं अजून’ हे डायच्या कागदावर लिहितात ते काडतूस कोणाच्याही रायफलीत बसावं म्हणून. तुझी रायफल एकच आहे.

त्यात रेंजवर वेचलेला फुकटचा माल. बुडावर वर्तुळात अधिकचं चिन्ह दिसतंय? नाटोचा शिक्का. या पुंगळ्या मशिनगनच्या ऐसपैस चेंबरमध्ये झाडलेल्या असू शकतात, म्हणजे तुझ्याकडे येण्याआधीच ताणलेल्या. शिवाय पितळ बहुधा जाड, आत जागा कमी. तेवढ्याच दारूला दाब जास्त. प्रायमरच्या खळग्याला लष्करी क्रिंप होता, तो काढलाच नाहीस, म्हणून प्रायमर वर राहिले आणि पहिल्या ठोक्याला उडाले नाहीत. तू ‘लॉट खराब’ म्हणून मोकळा झालास. पहिल्या ठोक्यात प्रायमर नुसता खाली बसत होता! बुडावरून बोट फिरवलं असतंस तरी कळलं असतं. हेच काडतूस मित्राच्या सेमी-ऑटोमध्ये गेलं असतं, तर चापाला बोट न लावता, बोल्ट बंद होतानाच बार उडू शकला असता.

डायमध्ये अडकलेल्या पुंगळीबद्दल बोलत नाही. वंगण लावलं नव्हतंस, संपलं. नंतर इतकं फासलंस की खांद्याला पोचे आले, तेही पाहिलं.

दारूबद्दल मात्र बोलणार. टेबलावर दोन डबे उघडे, एच-४८९५ आणि आयएमआर-४८९५. आकडा एक, म्हणून एकाचं माप दुसऱ्याला? आंबेमोहोराचं पाणी बासमतीला घातलं तर भात बिघडतो. इथे तुझं तोंड बिघडेल. टेबलावर एका वेळी एकच डबा. मापकात आत्ता उरलीय ती यातली कोणती? नाही ना सांगता येत? मग ती टाकायची. काट्यावर वरून पंख्याचा वारा, आणि एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. सुरुवातही पुस्तकातल्या कमाल मापापासून केलीस, दहा टक्के खालून नव्हे.

आणि पुण्यातल्या धाकट्या भावाला व्हिडिओ पाठवून ‘तूही कर’ म्हणालास, असं कानावर आलंय. इथे टेक्सासमध्ये स्वतःपुरतं भरायला परवाना लागत नाही. तिकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा. तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढ.

चेहरा पाडू नकोस, बुलेट पुलर घे. काल उरलेली सगळी काडतुसं फोडायची. ‘हे ठीक वाटतंय’ म्हणून एकही बाजूला ठेवायचं नाही. गोळ्या त्या डब्यात, दारू बाहेर गवतावर पातळ पसर. पेपरक्लिप माझ्याकडे दे. तुला अजून कडं ओळखता येत नाही.