घराची किंमत घ्यावी काय?

बेघर कुटुंबाला घर बांधून द्यायचे, तर त्याचे पैसे घ्यावेत काय? गरिबाकडून हप्ते घेणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय? हा प्रश्न निघाला की आम्हांला न्यूयॉर्कमधील एक इमारत आठवते.

लोअर ईस्ट साइड या वस्तीत ती सहा मजली इमारत ओसाड पडली होती. सप्टेंबर १९८४ मध्ये जॉर्जिया राज्यातून बसने आलेले स्वयंसेवक हातोडे घेऊन तिच्यात शिरले. त्यांत अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर व त्यांच्या पत्नी रोझलिन होत्या. पुढे तेथे १९ कुटुंबांची घरे झाली. वर्तमानपत्रांनी कार्टरांचे फोटो छापले, ते साहजिकच होते. पण आम्हांला विचार करावासा वाटतो तो त्या कुटुंबांचा. ती नुसती बघत उभी नव्हती. त्या कामाला त्यांचेही हात लागले, आणि घर फुकट मिळणार नव्हते.

हे काम 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेचे. मिलर्ड व लिंडा फुलर या दांपत्याने ती १९७६ साली स्थापली. तिचा मूळ नियम साधा आहे. नफा नाही, व्याज नाही. कुटुंबाने श्रम द्यावेत, खर्च हप्त्यांनी फेडावा, आणि त्या हप्त्यांतून पुढच्या कुटुंबाचे घर उभे राहावे. गरीब बांधवाकडून व्याज घेऊ नये ही आज्ञा निर्गमच्या २२व्या अध्यायात आहे, ती शब्बाथशाळेतील मुलांनाही ठाऊक असते.

अनुवादाच्या २४व्या अध्यायातील एका बारीक नियमाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. शेजाऱ्याला उसने दिले, तर गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे, वस्तू त्यानेच आणून द्यावी. म्हणजे कर्ज घेतले तरी उंबरठ्याच्या आत मालक तोच. फुकट देणारा हा उंबरठा सहज ओलांडतो. घर नीट ठेवले आहे ना, रविवारी उपासनेला का आला नाहीत, मुलीच्या लग्नात एवढा थाट कशाला, हे विचारण्याचा हक्क आपल्याला मिळाला असे त्याला वाटू लागते. जुन्या मिशन कंपाउंडांत राहिलेल्यांना याहून अधिक सांगायला नको. हप्ता भरणारा अशा प्रश्नांना बांधलेला नसतो.

कोणी म्हणेल, स्वयंसेवकांच्या प्रवासखर्चात गवंडी लावले असते तर अधिक घरे झाली असती. २००६ साली लोणावळ्याजवळ कार्टर पतिपत्नी देशोदेशींच्या स्वयंसेवकांसह १०० घरे बांधायला आली, तेव्हाही हा हिशेब मांडता आला असता, आणि तो बहुधा बरोबरच ठरला असता. पण एकाच भिंतीच्या विटा वाहणाऱ्या दोघांत देणारा कोण, घेणारा कोण, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला ओळखता येत नाही. याला आम्ही फार मोल देतो.

राहता राहिली ती कुटुंबे, ज्यांना हप्ताच झेपत नाही. निराधार विधवा, काम तुटलेला मजूर. या नियमाने त्यांचे घर होणार नाही, हे कबूल केले पाहिजे. त्यांना मंडळीच्या निधीतूनच खोली द्यावी लागेल. तरीही, महिना दहा रुपये का होईना, भाडे घेऊन पावती द्यावी, आणि खोलीची दुसरी किल्ली पंचांनी स्वतःजवळ ठेवू नये, असे आमचे मत आहे.