कुणी पाहिलं?

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर एका काकांनी परवा विचारलं, "माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलंय का हो?" प्रश्न जुनाच. जानेवारी 2018मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी हाच मुद्दा काढून डार्विनला चूक ठरवलं होतं. सिंह म्हणजे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त! पाहणारा नाही म्हणून पोलीस तपास सोडतात थोडाच? रक्ताच्या डागावरूनही माणूस गाठतात.

आजच्या माकडाचा माणूस झाला असं कुणी म्हणतच नाही, दोघांचा पूर्वज एक, हे वाचकाला ठाऊक आहे. मला खटकतं ते आपल्याच बाजूचं उत्तर. "चिंपांझीशी आपला डीएनए 98 टक्के जुळतो" असं ठणकावलं की आपण जिंकल्याच्या थाटात उठतो. मोजायची रीत बदलली की हा आकडा हलतो, ते एक. शिवाय काका म्हणाले, "कारागीर एकच, मग जुळणारच." यावर आकड्याकडे उत्तर नाही.

साम्य वेगळं आणि सामायिक बिघाड वेगळा. कुत्रा, शेळी क जीवनसत्त्व अंगातच तयार करतात. आपल्याला लिंबू-आवळा खावा लागतो, कारण ते बनवायला लागणारं एक जनुक आपल्यात मोडून पडलंय. चिंपांझीतही मोडलंय, आणि अगदी त्याच जागी. गिनीपिगचंही मोडलंय, पण निराळ्या तऱ्हेने. कारागीर चांगलं काम दोनदा सारखं करील. तीच मोडतोड दोनदा कशाला करील?

थोडं विषयांतर. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. मूळ पोथी कुणीच पाहिलेली नव्हती. वि. स. सुखटणकर आणि मंडळींनी काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या ताडून पाहिल्या. कुठली भर, कुठला घोळ कोणकोणत्या पोथ्यांत सारखा उतरलाय, यावरून, मोडक्या जनुकासारखंच, पोथ्यांची घराणी लावली. तिथे "कुणी पाहिलं?" म्हणून काम अडलं नाही, उलट तिथूनच ते सुरू झालं.

म्हणूनच काकांचा प्रश्न आता मला टाकाऊ वाटत नाही; तो शाळेतच विचारायला हवा. एनसीईआरटीने 2023मध्ये दहावीतून उत्क्रांती वगळली; राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा. एकाच मजल्यावरच्या दोन पोरांपैकी एकाला तो मिळतो, दुसऱ्याला नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या विज्ञानशिक्षकांना एवढीच विनंती: धडा पुस्तकात असो-नसो, एक तास काढा, "कुणी पाहिलं?" असं पोरांनाच विचारा, आणि 98 टक्क्यांआधी ते मोडकं जनुक त्यांच्यापुढे ठेवा.