सर्जा, राजा आणि आठ गुण

हायस्कुलातल्या मुलांना कसलीही काळजी नसते, असं ज्यांचं ठाम मत असतं, त्यांना हायस्कूल सोडून निदान तीस वर्षं तरी झालेली असतात. "मजा आहे बुवा तुमची!" असं म्हणत हे लोक मुलाच्या पाठीवर थाप मारतात. ती थाप मुलाला लागतच नाही. मध्ये दप्तर असतं.

आता आमच्या जासईचंच घ्या. तालुका उरण, जिल्हा रायगड आणि पत्त्यात नवी मुंबई, असं हे तीन धन्यांचं गाव आहे. इथल्या विद्यार्थ्याचा दिवस रस्ता ओलांडण्याने सुरू होतो. न्हावा-शेवाचं बंदर १९८९ साली चालू झालं, तेव्हापासून या भागात जगभरचा माल येतो आणि तो सगळा नेमका शाळा भरायच्या वेळी रस्त्यावर येतो, असा माझा अनुभव आहे. कंटेनरचा ट्रेलर म्हणजे चाकं लावलेली चाळ. एक चाळ गेली की दुसरी येते. शेजारच्या चिर्ल्यापासून थेट शिवडीला नेणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. साडेएकवीस किलोमीटरहून लांब पूल माणसं चहा निवायच्या आत ओलांडतात. घरासमोरचा रस्ता ओलांडायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो.

मग मूल उशिरा शाळेत पोचतं. सर विचारतात, "उशीर का?" मूल सांगतं, "ट्रेलर होता." सर म्हणतात, "रोज रोज ट्रेलर कसा असेल?" वास्तविक ट्रेलर रोजच असतो, म्हणून तर तो खरा! पण जे रोज घडतं ते कारण म्हणून चालत नाही, हे मूल आठवड्याभरात शिकतं आणि दुसऱ्या सोमवारी "पोटात दुखत होतं" असं सांगून मोकळं होतं. सर लगेच मऊ होतात. "पाणी पी. बस जागेवर." पोट बिचारं ठणठणीत असतं. अशा रीतीने नीतिशास्त्राचा पहिला धडा पहिल्या तासाच्या आधीच संपतो. आणि ज्या भिंतीखाली तो संपतो, त्या भिंतीवर तेलरंगात लिहिलेलं असतं : 'नेहमी खरे बोलावे.'

दप्तर, गृहपाठ, शिकवणी, प्रकल्पाची वही, "शेजारच्याचे मार्क बघ" हे आईचं पालुपद, हे सगळे ताप मी ताप म्हणून धरतच नाही. त्यांवर औषधं आहेत. दप्तर खाली ठेवता येतं. प्रकल्प वडील करतात. आईचं पालुपद शेजारच्याला कमी मार्क पडले की आपोआप थांबतं. ज्याला औषध नाही असा एकच प्रश्न विद्यार्थ्यापुढे असतो आणि तो दहावीच्या मराठीच्या पेपरात आठ गुणांना येतो. त्याचं नाव आत्मकथन.

महाराष्ट्रात बोलत नाही अशी निर्जीव वस्तू उरलेली नाही. फाटकं पुस्तक बोलतं, मोडकी छत्री बोलते, पडका किल्ला, शाळेची घंटा, वडाचं झाड, सगळे बोलतात. ज्ञानेश्वरांनी एका रेड्याच्या मुखातून वेद वदवले, तर आपण सातशे वर्षं त्यांचा जयजयकार करतो. इथे मार्च महिन्यात लाखो छत्र्या एकदम बोलतात आणि कुणाला नवल वाटत नाही. गंमत म्हणजे हे सगळे एकाच आवाजात बोलतात. किल्ला आणि छत्री यांच्या बोलण्यात काडीचा फरक नसतो. सुरुवातीला बालपण सुखाचं, मग हाल, शेवटी वाचकाला उपदेश. माणूसही असाच बोलतो, उदाहरणार्थ शेतकरी.

गाइडमधला शेतकरी तुम्हाला ठाऊक असेलच. त्याच्याकडे सर्जा आणि राजा नावाची बैलजोडी असते. विहीर आटलेली असते. तो आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. सावकार एका बाजूला आणि दुष्काळ दुसऱ्या बाजूला उभा असतो. तो जगाचा पोशिंदा असून तो हरणार नसतो. हा शेतकरी कोणत्या तालुक्यातला, हे गाइडलाही माहीत नाही. पण त्याला आठांपैकी सात गुण पडतात, हे सर्वांना माहीत आहे.

आमच्या शेजारी दहावीतला एक मुलगा राहतो. मी मासिकांतून काहीबाही लिहितो, ही बातमी त्याच्या घरी कशी पोचली कोण जाणे. पण तेव्हापासून त्याच्या मराठीची जबाबदारी शाळेची कमी आणि माझी जास्त, असं त्याच्या आईने परस्पर ठरवून टाकलं आहे. हा मुलगा एका संध्याकाळी ओट्यावर बसून सर्जा-राजा मोठ्याने पाठ करत होता. आत त्याचे आजोबा पडले होते. दहा मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं आणि मग आतूनच विचारलं,

"कोनाचं रं ह्ये बैल?"

"शेतकऱ्याचे, आजोबा. निबंध आहे."

"कंच्या गावचा शेतकरी?"

मुलाकडे उत्तर नव्हतं. मग आजोबा उठून ओट्यावर आले आणि बोलायला लागले. मी माझ्या ओट्यावरून ऐकत होतो. आमच्या दोन ओट्यांमध्ये फक्त एक तुळस आहे.

आजोबा म्हणाले, इकडच्या शेतकऱ्याने आभाळाकडे डोळे लावल्याचं त्यांनी कधी पाहिलं नाही. पाऊस इथे पुरे पुरे म्हणेपर्यंत पडतो. डोळे लावायचे ते बांधाकडे. कारण पलीकडे खाडी. उधाणाला बांध फुटला आणि खारं पाणी भातात शिरलं, की पुढची दोन-तीन वर्षं त्या शेतात भाताचं नाव काढायला नको. म्हणून रात्री-अपरात्री माणसं कंदील घेऊन बांधावर जात, उघाडीचं दार बघून येत. पाणी हवं म्हणून रडणारा शेतकरी गाइडमध्ये होता. पाणी नको म्हणून जागणारा शेतकरी ओट्यावर बसला होता.

आणि मग, आजोबा म्हणाले, पाणी आलंच नाही, कागद आला. सिडको १९७० साली स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायची ठरलं. मुंबईला जागा पुरेना, म्हणून इथल्या भातखाचरांना आणि मिठागरांना शहर व्हायचा हुकूम झाला. भाव सरकारने ठरवला. तो लोकांना पटला नाही. लोकांच्या बाजूने उभे राहिले ते याच गावचे दि. बा. पाटील. वकील, शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी, पाच वेळा आमदार, दोन वेळा खासदार. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत इथे पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच माणसं गेली. आजोबा तेव्हा पंचविशीचे होते आणि दास्तान फाट्यावर होते. तिथे काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. नुसता हात हलवला आणि पुढच्या गोष्टीवर गेले.

पुढची गोष्ट म्हणजे साडेबारा टक्के. त्या लढ्यामुळे, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं. आजोबांचं शिक्षण चौथीपर्यंत; पण टक्केवारीत त्यांना कुणी हरवू शकणार नाही. शंभरातून साडेबारा परत आले तर किती राहिले, हे नातवाला वहीत मांडून बघावं लागतं. आजोबांना तोंडपाठ आहे.

मुलाने हे सगळं ऐकलं आणि सहामाहीत 'मी शेतकरी बोलतोय' आल्यावर हेच लिहिलं. त्याची शाळा कोणती ते मी सांगणार नाही. महाराष्ट्रातली कोणतीही समजा. आठांपैकी तीन गुण मिळाले. खाली लाल शाईत शेरा : 'विषय सोडून लिहिले आहे.' त्याच्या बाकावरच्या मित्राने सर्जा-राजा उतरवले होते. त्याला सात. आठवा गुण अनुस्वारांत गेला.

आता बोर्डाची परीक्षा येते आहे, आणि मुलाने वही माझ्यापुढे धरून सरळ विचारलं, "काका, बोर्डात कुठला शेतकरी लिहू? खरा की मार्कांचा?"

एखाद्या माणसाने तत्त्वज्ञानाचे दहा ग्रंथ वाचले तरी इतका नेमका प्रश्न त्याला सुचणार नाही. मी थोरामोठ्यांकडे मदत मागितली. हरिश्चंद्राने सत्यासाठी राज्य सोडलं. पण त्याला अकरावीच्या प्रवेशाची गुणवत्ता यादी बघायची नव्हती. धर्मराज आयुष्यात एकदाच 'नरो वा कुंजरो वा' म्हणाला आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. चार बोटं म्हणजे माझ्या हिशेबाने चार गुण. तिथे खोटं बोलल्याबद्दल कापले. इथे खरं लिहिल्याबद्दल पाच कापतात. जर्मनीच्या कांटने १७९७ साली तर असं लिहून ठेवलंय, की दारात खुनी उभा राहून 'तुझा मित्र घरात आहे का?' असं विचारू लागला, तरी त्याच्याशीही खोटं बोलू नये. कांटसाहेब पेपर तपासायला बसले असते, तर सर्जा-राजासकट सगळा वर्ग नापास झाला असता. स्वतः कांट इकडच्या बोर्डात किती गुणांनी पास झाले असते, हा प्रश्न वेगळा.

गांधीजींची गोष्ट जवळची वाटली, कारण ती हायस्कुलातलीच आहे. राजकोटला पहिल्या वर्षाला असताना इन्स्पेक्टरने पाच शब्द लिहायला दिले. 'केटल'चं स्पेलिंग गांधीजींचं चुकलं. शिक्षक बुटाने खुणावताहेत की शेजारच्याचं बघ. आणि या मुलाला ते कळतच नाही! सगळ्यांचे शब्द बरोबर, याचाच एक चूक. नंतर शिक्षकांनी त्याला त्याचा मूर्खपणा समजावून सांगायचा प्रयत्नही केला. टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट तर दर १ ऑगस्टला गावोगावच्या शाळांतून घुमते. न केलेल्या अपराधाची शिक्षा न घेणाऱ्या त्या मुलाचं भाषण मुलं कुणाकडून तरी लिहून घेतात, पाठ करतात आणि हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवतात. खरेपणाचं बक्षीस ज्याचं पाठांतर पक्कं त्याला मिळतं.

कोणी म्हणेल, निबंध ही कल्पना आहे. तिथे कसलं आलंय खरं-खोटं? नाटकात रावणाचं काम करणारा नट काही सीतेला पळवत नाही. हे मला मान्य आहे. छत्रीच्या तोंडून बोलणं हे खोटं नव्हे; त्यासाठी छत्रीच्या जागी जाऊन उभं राहावं लागतं, आणि दुसऱ्याच्या जागी उभं राहता येणं यापेक्षा मोठं शिक्षण नाही. पण गाइड मुलाला कुणाच्याच जागी उभं करत नाही. ते फक्त रांगेत उभं करतं. त्या मुलाच्या घरात एक शेतकरी जेवतो, खोकतो, साडेबारा टक्के म्हणतो. त्याला ओलांडून मुलाने बाहेर जायचं आणि कुठल्याच तालुक्यात नसलेल्या शेतकऱ्याच्या नावाने रडायचं. यात मूल कल्पना करायला शिकत नाही. आपल्या घरातलं जे आहे ते उत्तरपत्रिकेत लिहिण्याच्या लायकीचं नाही, एवढं मात्र ते पक्कं शिकतं. खोटं असलंच तर ते इथे आहे, आणि ते मुलाचं नाही.

म्हणून मी मुलाला जे सांगितलं ते असं : बोर्डात सर्जा-राजा लिहिलेस तर तुला पाप लागणार नाही. खऱ्याचा भाव आठांत तीन, हा ज्यांनी ठरवला त्यांनी तो फेडावा. पंधरा वर्षांच्या पोराकडून त्याची वसुली करू नये. हुतात्मा व्हायला माणसाला निदान मिशी तरी फुटलेली असावी. पण दुसराही एक विचार कर. पेपर तपासणारे मास्तर माणूसच असतात. समोर गठ्ठा, वरती पंखा बंद. एकशे सत्तेचाळीस वेळा विहीर आटलेली पाहून झाल्यावर एकशे अठ्ठेचाळिसाव्या पेपरात एकदम खारं पाणी आलं, तर तो माणूस खुर्चीत ताठ बसेल. मग गुण किती देईल ते त्याच्यावर. वाचेल मात्र नक्की. निवड तुझी.

हे ऐकत आजोबा तुळशीपलीकडे उभे होते. मी म्हटलं, "आजोबा, तुमचं काय म्हणणं? तुमच्या शेतकऱ्याला तीन मिळाले, गाइडच्या शेतकऱ्याला सात."

आजोबांनी थोडा विचार केला. "सायेब, त्या गाइडवाल्याची जमीन हाय ना अजून त्याच्या ताब्यात?"

मी म्हटलं, "आहे. दुष्काळ आहे, पण जमीन आहे."

"मंग देऊ दे त्याला सात," असं म्हणून आजोबा आत गेले.

परीक्षेला अजून अवकाश आहे. मुलाने काय ठरवलंय ते त्याने सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. रोज संध्याकाळी ओट्यावरून सर्जा-राजाची घोकंपट्टी ऐकू येते. मध्येच अडखळते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आजोबांचा शेतकरी पाठ करताना मात्र मी त्याला अजून एकदाही ऐकलेलं नाही. त्याची त्याला गरज पडत नसावी.