साक्षीदाराची सही

शहाडच्या बिर्ला मंदिराच्या पायऱ्यांवर, आरती आटोपून माणसे पांगल्यावर, घटकाभर बसण्याचा अण्णांचा आणि माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. अण्णांची उभी हयात ठाण्याच्या कामगार न्यायालयात शिरस्तेदारीत गेली आणि माझी शाळेत, त्यामुळे त्यांना कागद कळतो आणि मला माणूस, असा निदान माझा समज होता. 2022 सालच्या भाद्रपदात एका संध्याकाळी मी मुद्रांकाचा एक कागद त्यांच्यापुढे धरला. आमच्या भजनात पखवाज वाजविणारे एक चाळिशीचे गृहस्थ उल्हासनगरकडे सहा-सात माणसांच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. श्रावणात त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे त्या प्रेसखाली गेली. मालकाने स्वतः रिक्षात घालून त्यांना इस्पितळात नेले, बिल भरले, आणि आता ऐंशी हजार रोख देऊन या कागदावर त्यांचा अंगठा व साक्षीदार म्हणून माझी सही मागितली होती.

अण्णांनी कागद दिव्याखाली धरला. “‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो की’... या दोन शब्दांत माझी नोकरी सरली, मास्तर. आणि हे पाहिलेत? नमुन्यात ‘डाव्या हाताचा अंगठा’ असते. इथे ‘डाव्या’ खोडून ‘उजव्या’ केले आहे, कारण डावा पट्टीत. सबंध दस्तऐवजात त्या अपघाताची खूण म्हणाल तर एवढी खाडाखोड. बाकी रक्कम ‘घरगुती अडचणीसाठी मदत’ म्हणून दिलेली.”

“कायद्याने किती निघतील?”

“माणसे दहाहून कमी, म्हणून राज्य विमा योजना नाही, 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा लागू. पगार बारा हजार, त्याचे साठ टक्के 7,200; चाळिसाव्या वर्षाचा गुणक 184.17, एका हाताची दोन बोटे गेली तर परिशिष्टात वीस टक्के. म्हणजे दोन लाख पासष्ट हजारांवर.”

“आणि पखवाज?”

“परिशिष्ट कमाई मोजते. 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने, कोपराच्या वर डावा हात तोडावा लागलेल्या एका सुताराला, परिशिष्टातले टक्के बाजूस सारून, पूर्ण निकामी धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. पण पखवाजावर याचे पोट नव्हते.”

“मग मी सही करू नये म्हणता?”

“करा की! कलम 17 प्रमाणे असला हक्कसोड मुळातच रद्दबातल आहे. दोन वर्षांच्या मुदतीत त्याने दावा लावला, तर हा कागद रद्दीत जमा. उलट करार नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदविला नाही म्हणून, आयुक्तांनी वेगळा हुकूम दिला नाही तर, मालकाला दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक वजावटही मिळायची नाही.”

हे ऐकून मला समाधान वाटण्याऐवजी मळमळल्यासारखे झाले. “म्हणजे पैसे घ्यायचे, आणि ज्याने रिक्षातून इस्पितळात नेले त्याच्यावरच दावा ठोकायचा? हा तर शब्द मोडण्याचा धडा झाला.”

“शब्द बरोबरीच्यांत असतो. तीन महिन्यांचे भाडे थकलेल्या माणसाची राजीखुशी कसली?”

“पण ती खोटी ठरविणारे आपण कोण, अण्णा? काल ते स्वतः म्हणाले, ‘मास्तर, तारखा पाळत बसायला मला सवड कुठली, मला पैसे आज हवेत.’ गरजवंताला अक्कल नसते असे आपण धरून चाललो, तर प्रेसने त्यांची दोन बोटे नेली आणि तुमचा कायदा त्यांचा होकारही नेतो.”

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. स्थानकाकडून कसाऱ्याच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. मग म्हणाले, “तो ऐंशी हजारांत राजी झाला की त्या कारखान्यात एका बोटाचा भाव चाळीस हजार ठरतो, आणि त्याच्या जागी जो बसेल त्याने तो भाव कबूल केलेला नसतो. म्हणून हा हक्क त्याच्या एकट्याचा नाही, आणि म्हणूनच सोडून देण्याजोगा नाही.”

“आणि त्या पुढच्या माणसासाठी भाडे मात्र याने थकवायचे!”

“ते खरे आहे,” अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून हे तीन शब्द क्वचितच येतात.

मी कागद परत घेतला. माणूस मनापासून राजी आहे की नाही, याची साक्ष देण्याची माझी प्राज्ञा नव्हती. बोटे गेली, एवढ्याची मात्र होती. “अण्णा, या कागदात बोटे घाला. मग मी सही करतो.”

“घातली तर तो हक्कसोड राहात नाही, तडजोड होते, ती आयुक्तांपुढे रुजू करावी लागेल, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. मालक कबूल होईल?”

“न झाल्यास?”

उत्तर न देता त्यांनी माझे पेन मागून घेतले आणि कागदाच्या पाठीवर, न्यायालयातल्या त्या वळणदार अक्षरात, अपघाताची तारीख, प्रेस, डावा हात, तर्जनी व मध्यमा असे ओळीने लिहिले. आत गाभाऱ्यासमोर पखवाज उघडा पडला होता. ते गृहस्थ एका पोराला डाव्या पुडीवर कणीक कशी थापायची ते दाखवीत होते. तोंडाने सांगत होते, हात पट्टीसकट मांडीवर होता.