दान द्या, हिशेब मागा



विहाराचे वर्गणी-पुस्तक दारात आले की घरात काय होते, ते आपणास ठाऊक आहे. आई डब्यातली नोट काढून देते, पावती खिळ्याला अडकते. पैसा पुढे कोठे गेला, हे कोणी विचारीत नाही. मग 'समितीने खाल्ला' अशी कुजबुज सुरू होते. ती खरी असो वा खोटी, विहाराची भिंत मात्र अर्धीच राहते.

आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर याचे उत्तर दगडात कोरलेले आहे. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पण ती बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी 3000 कार्षापण दिले. पण ते उधळावयास दिले नाहीत, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी 2000 वर दरमहा शेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाला 240. त्यातून वर्षावासातील 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. मुद्दलाला हात लावावयाचा नाही. आणि हा सारा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला, फलकावर नोंदविला. दानाची जाहिरात करावी ती अशी: दात्याच्या फोटोची नव्हे, हिशेबाची!

तुम्ही म्हणाल, तो राजाचा जावई, आमचे काय? मग आठवे लेणे पाहा. ते मुगुदास नावाच्या दासकाने परिवारासह दिले. दासक म्हणजे मासेमार, असे अभ्यासक सांगतात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर तर धंभिक गावाचे दान कोरले आहे. एका धनिकाने नव्हे, गावाने दिले.

बाबासाहेबांनीही धनिकांकडे बोट दाखविले नाही. 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा देण्यास सांगितले. शंभरातले पाच! जो समाज स्वतःच्या पैशावर उभा राहतो, त्याला दुसऱ्याच्या दारात वाकावे लागत नाही.

दीक्षेपूर्वी आपण देवाच्या कोपाच्या भीतीने देत होतो. नवस फेडण्यासाठी कर्ज काढीत होतो. आता भीतीने देऊ नका आणि लाजेनेही देऊ नका. शेजाऱ्याने हजार दिले म्हणून तुम्ही सावकाराकडे जाऊ नका. समजून दिलेले दहा रुपये दान आहे. दडपणाने दिलेले हजार हा दंडच.

जे वर्गणी मागतात त्यांनाही सांगणे आहे. 'समाजासाठी द्या' असे मोघम मागू नका. काम सांगा, खर्च सांगा, मुदत सांगा. दर पौर्णिमेला वंदनेनंतर जमाखर्च मोठ्याने वाचा आणि विहाराच्या फळ्यावर लिहा. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग बँकेत कायम ठेव म्हणून ठेवा. त्याच्या व्याजातून वस्तीतल्या एका मुलीची परीक्षा फी भरा. पुढच्या वर्षी दोघींची भरता येईल.

आणि उपासकांनो, हिशेब विचारणाऱ्याला समाजद्रोही म्हणू नका. 'एहिपस्सिक', या आणि पाहा, असे आपला धम्म म्हणतो. मग जमाखर्चाची वही झाकून कशी चालेल?

येत्या पौर्णिमेला विहारात जाल, तेव्हा आपला वाटा न्या. वही उघडून पाहा. आणि वही नसेल, तर पहिले दान कोऱ्या वहीचे करा.

जयभीम! नमो बुद्धाय!